नमुना सही

नौपाड्याच्या शाखेत, काउंटर नंबर चारवर,
मुलगी म्हणाली, ‘सही जुळत नाहीये, काकू.’
काकूकडे मी दुर्लक्ष केलं.
सहीकडे करता येईना.

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला.
चष्मा पर्समध्ये, आणि पर्समध्ये
चष्मा सोडून सगळं हाताला लागत गेलं,
बीपीच्या गोळ्यांची पट्टी, सोसायटीची पावती,
कधीच्या काळची बडीशेप.
मग दिसली ती.
नीलाक्षी, मार्च अठ्ठ्याण्णव.
एका दमात ओढलेली शिरोरेघ,
क्षला अशी गाठ की कुणाच्या बापाला सुटू नये,
आणि शेवटच्या वेलांटीचं शेपूट
अख्ख्या नावाखालून मागे नेऊन
वर दोन टिंबं. ठणकावून.

कुणाला दाखवत होती एवढं?

वागळे इस्टेटमध्ये रिले बनवणारी कंपनी,
पगार एकोणतीसशे,
पहिल्या पगाराच्या, जांभळी नाक्यावरच्या, टाचांच्या चपला.
चहाच्या चिठ्ठीवरसुद्धा गिरवायची सही,
जणू उद्या कुणीतरी मागणार आहे.

मागितली की.
प्रगतिपुस्तकावर, कुकरची तिसरी शिट्टी मोजत.
नवऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सतरा ठिकाणी,
सतराव्या ठिकाणी नुसता नी आणि पुढे एक रेघ.
सिव्हिलमध्ये, रात्री पावणेदोनला,
आईच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर.
टेबल नव्हतं. कागद भिंतीला टेकवून केली.
भिंत खडबडीत होती.
तेव्हापासून माझी शिरोरेघ मोडते,
लाच्या डोक्यावर, नेहमी तिथेच.

स्लिपच्या पाठीवर करून पाहिली.
एकदा. पाचदा.
स्वतःचीच सही खोटी करत होते
आणि तीही जमत नव्हती.
मागचे गृहस्थ खाकरले.
शेपूट निघायचं जोरात,
आणि लाच्या खाली येऊन थबकायचं,
काय आणायला निघालो होतो ते विसरल्यासारखं.

‘मग नवीन नमुना द्या ना,’ मुलगी म्हणाली.
फॉर्मवर रकाना होता, बदलाचे कारण.
मी लिहिलं, हात बदलला.
तिने वाचलं, हसली नाही,
कॉम्प्युटरवर ‘इतर’ निवडलं.

पैसे कशाला हवेत, ते मात्र विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
घरी अजून सांगितलेलं नाही,
की चराईतल्या एका दुकानात
तबल्याची जोडी ठेवून घ्यायला सांगितली आहे.
दुकानदाराने विचारलं, ‘मुलाला?’
मी म्हटलं, ‘नाही, माप माझ्या हाताचं बघा.’
तबल्याला हाताचं माप लागत नसतं,
हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

तीन चौकोन. दोऱ्याने बांधलेलं पेन,
दोरा दुसऱ्या चौकोनापर्यंतच पुरणारा.
तिसऱ्यासाठी कागद ओढून घेतला.
शेपूट नाही. टिंबं नाहीत.
क्ष जरा सैल, घरात घालायच्या गाऊनसारखा.
शिरोरेघ मोडली तिथे मोडू दिली,
उरलेली पुढून सुरू केली.
तिन्ही सह्या बहिणी वाटाव्यात एवढ्याच सारख्या.
‘चालेल,’ मुलगी म्हणाली, ‘साधारण अशीच येऊ दे.’

साधारण. बरं.

मग शिपायाने आतून जुनं कार्ड आणलं.
कृष्णधवल फोटो, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी,
फोटोग्राफरने सांगूनही न हसलेली.
मुलीने ‘रद्द’चा शिक्का पॅडवर दाबला.
मी म्हटलं, ‘थांब जरा.
तोंडावर नको. बाजूला मार.’

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.
कार्ड थोडं फिरवलं आणि बाजूलाच मारला.
तरी जांभळी शाई जराशी
शेपटाला लागलीच.